नाव छोटं, साल मोठं

मागच्या अंकात जुन्या रेड वाइनवर दोन पानं लिहिली होती. त्यात मुद्दा एवढाच होता की ज्या वर्षी पीक अव्वल आलं त्या वर्षाची, पण फार नाव नसलेल्या घरची, दहा-पंधरा वर्षं मुरलेली बाटली मिळाली तर तिच्याइतका पैसावसूल सौदा वाइनमध्ये दुसरा नाही. त्यावर इंदूरहून तर पत्रं आलीच, देवास, ग्वाल्हेर आणि बडोद्याहूनही आली, आणि बऱ्याच जणांच्या घरात अशी एखादी बाटली कपाटात पडून आहे असं दिसतंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत.

दादा, मुलगा फ्रान्समध्ये तूलूझला नोकरीला असतो. दिवाळीला आला तेव्हा तिकडच्या बोर्डो भागातल्या रेड वाइनची एक बाटली घेऊन आला, २०१० सालची. लेबलवर ओ-मेदोक आणि क्रू बूर्जवा असं लिहिलंय, शातोचं, म्हणजे ती वाइन करणाऱ्या मळ्याचं, नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नाही. तिकडच्या दुकानात पंचवीस युरोच्या आत मिळाली म्हणे. माझे एक मित्र ठामपणे सांगतात की चांगली बोर्डो शंभर युरोच्या खाली मिळतच नाही, त्यांच्याकडे एका मोठ्या शातोची २०१३ ची बाटली आहे. मग आमची एवढी स्वस्त कशी? आणि इतक्या वर्षांत खराब नसेल ना झाली?
— राजेंद्रनगर, इंदूर

मुलाला माझ्यातर्फे शाबासकी द्या. त्या दुकानात मी असतो तर मीही हीच उचलली असती.

बोर्डोत किंमत ठरते ती बरीचशी नावावर. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नेपोलियन तिसरा याच्या सांगण्यावरून तिथल्या वाइनच्या दलालांनी शातोंची एक यादी केली, पाच वर्ग पाडले, आणि ती यादी आजही जवळपास तशीच चालते. लाल वाइनची ६१ घराणी आहेत त्यात, आणि गेल्या शंभर वर्षांत ठळक बदल झाला तो एकच, १९७३ मध्ये मूतों रोथशील्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेलं. म्हणजे यादीत असलेल्याला कायमचा मान आणि कायमचा भाव. यादीतले बहुतेक शातो ज्या मेदोक भागातले आहेत (तुमचं ओ-मेदोकही त्यातलंच) तिथेच, कधीकधी तर कुंपणाला कुंपण लागून, शेकडो इतर शातो आहेत जे त्या यादीत नाहीत, आणि त्यांच्यातल्या चांगल्यांना ओळख मिळावी म्हणून १९३२ मध्ये क्रू बूर्जवा अशी वेगळी यादी निघाली. तुमची बाटली त्या घरातली. जमीन तीच, हवा तीच, द्राक्षंही तीच, कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो.

आता सालाचं बघा, कारण खरी गंमत इथे आहे. २०१० ला बोर्डोत उन्हाळा कोरडा गेला, ऊन भरपूर पण रात्री गार, त्यात फुलोऱ्याच्या वेळी फळधारणा नीट झाली नव्हती म्हणून घड कमी आणि मणी बारीक. बारीक मणी म्हणजे रसाच्या मानाने द्राक्षाची साल जास्त, आणि रेड वाइनचा रंग, तिचा तुरटपणा, तिची टिकण्याची ताकद हे बरंचसं सालीतून येतं. रात्रीच्या गारव्याने आंबटपणाही टिकून राहिला. त्याच्या आदल्या वर्षीचं २००९ पण गाजलेलं साल आहे, ते जास्त उष्ण, जास्त मऊ, लवकर पिण्याजोगं. २०१० जरा ताठ होतं, तरुणपणी तोंडात अक्षरशः खरखरायचं, त्याला वेळ द्यावाच लागत होता.

वाईट वर्षी पैसेवाला शातो काय करतो, तर मजूर लावून एकेक मणी निवडून घेतो, अर्धी द्राक्षं बाजूला काढतो, ती दुसऱ्या लेबलखाली विकतो आणि मुख्य वाइन वाचवतो. छोट्या शेतकऱ्याला हे परवडत नाही, जे आलं ते घ्यावं लागतं, त्यामुळे वाईट वर्षी लहान-मोठ्यातला फरक प्रचंड दिसतो. पण २००५, २००९, २०१०, २०१६ अशा वर्षी पाऊस-ऊन सगळं वेळेवर पडतं आणि सगळ्यांचीच द्राक्षं पिकतात, छोट्याचीही. त्या वर्षी मोठ्यांचे भाव आकाशाला भिडतात कारण गुंतवणूकदार तुटून पडतात, आणि छोट्यांकडे कुणी फिरकत नाही म्हणून त्यांचा भाव थोडासाच वर सरकतो. माल मात्र त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम. म्हणून मी म्हणतो की नावाला पैसे देण्याऐवजी सालाला द्या.

तुमच्या मित्रांची २०१३ म्हणजे त्या भागातल्या अवघड वर्षांपैकी एक. गारठलेला ओला वसंत, फुलोरा बिघडलेला, तोडणीच्या सुमारास द्राक्षं कुजायला लागलेली. मोठ्या घराने त्यातूनही पिण्यासारखी वाइन काढली असणार, तो त्यांचा हातखंडा आहे, पण मित्रांनी पैसे मोजलेत ते लेबलचे. त्यांना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मैत्री जास्त मोलाची. दोन्ही बाटल्या एकाच संध्याकाळी उघडून शेजारी शेजारी प्यायल्या तर कुणालाच काही सांगावं लागणार नाही.

खराब झाली असेल का? चांगल्या जागी ठेवलेली असेल तर नाही, उलट या दर्जाच्या २०१० साठी हीच वेळ आहे. बाटली हातात घेऊन दोन गोष्टी बघा. एक, वाइनची पातळी मानेपर्यंत आहे ना, की खांद्याच्याही खाली उतरलीये. दुसरं, वरच्या टोपणाखालून काही झिरपून चिकट झालंय का. पातळी वर आणि टोपण कोरडं असेल तर निर्धास्त व्हा. आणि आता जपून ठेवत बसू नका, ते का ते पुढच्या एका उत्तरात येईलच.

ऑफिसच्या पार्टीत दुबईला एकदा वीस वर्षं जुनी रेड वाइन प्यायलो होतो, सगळे वा वा करत होते. मला तर रंग फिका वाटला, फळाचा वास नाही, चव पातळ. सरळ सांगायचं तर नवीन वाइन मला जास्त आवडते. जुन्या वाइनचं एवढं कौतुक का करतात ते एकदा नीट समजावून सांगा ना.
— विजयनगर, इंदूर

नवीन आवडते यात काही चूक नाही, तुमची जीभ तुमची आहे. पण जुनीत काय होतं ते समजलं तर पुढच्या वेळी तुम्ही तिच्यात वेगळं काहीतरी शोधाल.

नव्या रेड वाइनमध्ये तोंड कोरडं करणारा जो तुरटपणा असतो तो टॅनिनचा, द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेला. टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं म्हणून जीभ घासल्यासारखी वाटते. बाटलीत वर्षानुवर्षं हे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, मोठे मोठे कण होतात आणि त्यातला काही भाग गाळ होऊन खाली बसतो. रंग गेला कुठे विचाराल तर तो त्या गाळात आहे. तुरटपणा मऊ झाला तोही त्यामुळेच. आणि वास बदलतो, ताज्या जांभळा-करवंदासारखा जो भसकन येणारा वास असतो तो ओसरतो आणि सुकं अंजीर, तंबाखूचं पान, देवदाराचं लाकूड, चामडं, पहिल्या पावसाची माती, मशरूम असं एकेक वर यायला लागतं. हे सगळे वास एकदम येत नाहीत, ग्लासात वाइन दहा मिनिटं राहिली की एक, अर्ध्या तासाने दुसरा.

आपण इंदूरचे, तुम्हाला आमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित ख्यालाची आठवण करून देतो. द्रुत तराण्याची सवय असलेल्या माणसाला पहिली दहा मिनिटं वाटतं की काही घडतच नाहीये, आणि मग एका क्षणी लक्षात येतं की केवढं घडतंय. जुनी वाइन पार्टीत, उभ्याने, तळलेल्या स्नॅक्सबरोबर, मोठ्या आवाजात प्यायली तर ती पातळच लागणार.

एकदा असं करून बघा. ग्लासात थोडीशीच ओता, टेबलावर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर ग्लास तिरका धरा. मधोमध गडद गार्नेट (काळपट लाल) रंग दिसेल आणि कडेला, जिथे वाइनचा थर अगदी पातळ होतो तिथे, विटेसारखी तांबूस किनार. नव्या वाइनची तीच कड जांभळट असते. किनार विटेच्या रंगाची आणि मध्य अजून भरलेला असेल तर वाइन ऐन भरात आहे. सगळीच चहासारखी तपकिरी झाली असेल आणि वासाला व्हिनेगर किंवा शिळं सफरचंद येत असेल तर ती गेली. हे मुद्दाम सांगतो कारण कदाचित तुमच्या दुबईच्या बाटलीचं तेच झालं असेल. जुनी म्हणजे चांगली असं मुळीच नाही. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत प्यायची म्हणूनच केलेली असते, ती वीस वर्षं ठेवली तर फक्त म्हातारी होते. मुरायला आधी आत काहीतरी असावं लागतं, आंबटपणा, टॅनिन, फळाचा जोर, आणि ते देतं चांगलं साल.

इंदूरच्या उन्हाळ्यात बाटली कुठे ठेवायची? आमच्याकडे माळ्यावर आडवी ठेवलीये. फ्रीजमध्ये ठेवलेली चालते का?
— सुदामानगर, इंदूर. असाच प्रश्न ग्वाल्हेर आणि देवासहूनही

माळ्यावरून आजच खाली काढा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, ग्वाल्हेरला तर त्याहून वाईट, आणि स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर जी भट्टी होते त्यात वाइन शिजते. आतली वाइन फुगते, कॉर्क वर ढकललं जातं, थोडी वाइन बाहेर झिरपते आणि हवा आत जाते. एक उन्हाळा पुरेसा आहे. वाइनला हवं असतं १२ ते १४ अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि धक्के नकोत, आणि यातलं कुठलंच आपल्या फ्लॅटमध्ये फुकट मिळत नाही.

फ्रीज फार थंड आणि कोरडा असतो, वर्षानुवर्षं ठेवलं तर कॉर्क सुकतं. पण माळा की फ्रीज असा प्रश्न असेल तर डोळे मिटून फ्रीज, सगळ्यात खाली भाजीच्या कप्प्यात, आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळून. काही महिने मजेत निघतात. वाइनचा वेगळा छोटा फ्रीज मिळतो, पण दोन बाटल्यांसाठी तो घेऊ नका.

आणि म्हणूनच मी सारखं सांगत असतो की आपल्या हवेत वाइन मुरवायच्या भानगडीत पडूच नये. फ्रान्स-स्पेनच्या तळघरात कुणीतरी आपल्यासाठी ती मुरवून ठेवलीये, बारा-पंधरा वर्षांचं भाडं, थंडावा, धीर सगळं त्याने सोसलंय, आपण तयार बाटली आणायची आणि येणाऱ्या हिवाळ्यात प्यायची. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र दहा अंशांच्या आसपास येते, घरात छान गारवा असतो, त्याच्याइतका चांगला मुहूर्त वर्षात दुसरा नाही.

मुलीकडे लंडनला जाणार आहोत. येताना एक-दोन बाटल्या आणायच्या आहेत, बजेट बेताचं आहे. बोर्डो सोडून काही सुचवाल का? आम्हाला दोघांना फार तुरट आवडत नाही.
— टिळकनगर, इंदूर

तुमच्यासाठी स्पेनमधली रिओहा, दुसरं काही बघूच नका.

रिओहाची खासियत अशी की मुरवायचं काम कायद्यानेच वाइनरीवर टाकलंय. रेसेर्वा लिहिलेली लाल वाइन किमान तीन वर्षांनी बाजारात येते, त्यातलं निदान एक वर्ष लाकडी पिपात. ग्रान रेसेर्वा म्हणजे किमान पाच वर्षं, पिपात दोन आणि बाटलीत दोन तर पाहिजेतच. आणि हे किमान झालं, जुन्या वळणाची घराणी याहून कितीतरी जास्त काळ ठेवतात. बाटलीच्या मागे छोटा शिक्का असतो, क्रियांझाला (ही रेसेर्वाहून कमी मुरवलेली) लाल, रेसेर्वाला गडद मरून, ग्रान रेसेर्वाला निळा, त्यामुळे स्पॅनिश येत नसलं तरी दुकानात अडत नाही. द्राक्ष मुख्यतः टेम्प्रानियो, आणि परंपरेने अमेरिकन ओकची पिपं, त्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा मंद वास येतो जो आपल्या लोकांना पहिल्या घोटातच आवडतो. तुरटपणा तोपर्यंत बराच निवलेला असतो.

सालं लक्षात ठेवा: २००१, २००४, २००५, २०१०. रिओहाच्या नियामक मंडळाने ही चारही वर्षं सर्वोच्च श्रेणीत धरलीत. २०१० ची ग्रान रेसेर्वा मिळाली तर उत्तम, २००४-०५ ची दिसली तर आधी पातळी बघा, दुकानात उन्हात किंवा दिव्याखाली उभी ठेवलेली नाही ना ते बघा, मग घ्या. एवढी वर्षं झालेली ग्रान रेसेर्वा तेवढ्याच वयाच्या नावाजलेल्या बोर्डोच्या कितीतरी खाली मिळते, त्यामुळे बजेट बेताचं असेल तर हा रस्ता सगळ्यात सोपा आहे.

आणायचं म्हणाल तर परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला माणशी दोन लिटरपर्यंत दारू-वाइन शुल्क न भरता आणता येते, बाटली ७५० मिलीची असते, म्हणजे दोघांच्या मिळून चार सहज. बॅग चेक-इनमध्ये द्या, बाटली आधी प्लास्टिकमध्ये आणि मग स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मधोमध. हीच बाटली भारतात विकत घ्यायला गेलात तर वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क राहिलंय, वर राज्याचे कर, आणि दुकानात ती कशी ठेवली होती याची खात्री नाही ती नाहीच. घरी आल्यावर दोन-तीन आठवडे शांत पडू द्या, प्रवासात गाळ हललेला असतो.

नाशिकची रेड वाइन दहा वर्षं ठेवली तर तीही अशीच होईल का?
— देवास

नाही होणार, बहुतेक तरी. ती ताजी प्यायलाच केलेली असते, एक-दोन वर्षांत प्या आणि खुशाल प्या. वरच्या दर्जाच्या रिझर्व्ह म्हणून येतात त्या आणखी काही वर्षं तग धरतात, पण त्याही थंड जागेत ठेवल्या तर. रोजच्यासाठी नाशिक आणि वर्षातून एकदा-दोनदा मुरलेली बाहेरची, माझ्या मते हे गणित बरोबर बसतं.

काकांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस बडोद्याला आहे. माझ्याकडे इंदूरला २००५ ची एक बाटली आहे, गाडीतून घेऊन जावी म्हणतोय. दाहोदवरून जाताना काही त्रास होईल का?
— नाव नको, इंदूर

अहो नका नेऊ. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे, वाइनही त्यातच येते, आणि परमिट नसताना नेणं हा सरळ गुन्हा आहे. काका-काकूंना चार दिवस इंदूरला बोलवा आणि इथे उघडा.

बाटली उघडायची कशी, किती वेळ आधी, आणि बरोबर जेवायला काय करू? घरात अर्धे शाकाहारी आहेत. उरली तर दुसऱ्या दिवशी चालते का?
— रामबाग, इंदूर

ताई, तुम्ही सगळंच एकदम विचारलंत ते बरं झालं.

आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये, १६ ते १८ अंश पाहिजे, पुस्तकात रूम टेम्परेचर लिहिलेलं असतं ती युरोपातली जुनी थंड खोली, आपली नव्हे. जुनं कॉर्क ठिसूळ असतं, स्क्रू सरळ आणि पूर्ण खोल घाला आणि सावकाश ओढा, झटका नको. दोन पात्यांचा ओपनर मिळाला तर फारच छान, तो कॉर्कला भोक न पाडता बाजूने धरतो. तुकडे पडलेच तर चहाच्या स्वच्छ गाळणीतून गाळा, वाइनला काही होत नाही. मग एखाद्या काचेच्या जगमध्ये एका धारेत ओता, बाटलीच्या मानेमागे मोबाईलचा टॉर्च धरा, आणि गाळाची काळसर रेघ खांद्याशी आली की थांबा. तळाशी दोन घोट राहतील ते सोडून द्या. पंधरा वर्षांची असेल तर अर्धा तास आधी पुरे, वीस-पंचवीसच्या पुढची असेल तर ओतली की लगेच प्या, तासनतास उघडी ठेवली तर वास उडून जातो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर मात्र कॉर्क बिघडलंय, ते एका रसायनामुळे होतं, टीसीए म्हणतात, त्याला इलाज नाही. साल, किंमत, साठवण, कशाचाच त्यात दोष नसतो.

जेवणाबद्दल माझं मत अगदी स्पष्ट आहे. तिखट मटण रस्सा, शेव, लसणाची चटणी, लोणचं, गराडूवरचा मसाला, यातलं काहीही त्या वेळी टेबलावर नको. मिरची आणि आंबट या दोघांपुढे मुरलेली वाइन टिकत नाही. शाकाहारी मंडळींसाठी लोण्यात परतलेले मशरूम, फक्त मीठ-मिरपूड घालून, किंवा मिरची न घालता केलेलं भाजलेल्या वांग्याचं भरीत, आणि जुनं टणक चीज. मांसाहारींना मटण मंद आचेवर, कांदा, थोडं आलं, तूप, मिरपूड, एवढंच. आणि हे सगळं नको असेल तर सरळ जेवणाच्या आधी पाव-चीजबरोबर वाइन घ्या, संपवा, मग तासाभराने दाल-बाफल्यावर ताव मारा, मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यात पटते.

उरवू नका. नवी वाइन फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस निघते, जुनी सकाळपर्यंत फिकी पडते. एका बाटलीत साधारण पाच ग्लास होतात, तेव्हा पाच माणसं बोलवा.